शाकाहाराचा आरंभ व रोजचें ताट

"आजपासून मांस-मासळी सोडली," असें सांगणारे एक-दोन विद्यार्थी दरवर्षीं आम्हांस भेटतात. कोणी जीवदयेनें सोडतो, कोणी घरच्या वडील माणसांचें पाहून, कोणी प्रकृतीच्या कारणानें, आणि खरें सांगावयाचें तर कोणी केवळ शेजारच्या बाकावरील मित्रानें सोडली म्हणूनहि! ह्या कारणांची छाननी करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. आमचा प्रश्न दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचा आहे. ताटांतून एक पदार्थ गेला. त्याच्या जागीं काय आलें?

हा प्रश्न आमच्या मनांत घर करून बसला तो एका मुलामुळें. मुलगा कोकणांतला. घरीं रोजच्या जेवणांत मासळी. वसतिगृहांत राहावयास आला तेव्हां जून महिन्यांत त्यानें मांसाहार सोडला, आणि सोडला तो मोठ्या निश्चयानें. पंक्तींत मांसाचें भांडें आलें कीं तो हातानें पान झांकी. राहिलेल्या पदार्थांवर त्याचें भागे: भात, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि जिच्या तळाशीं डाळ शोधावी लागे अशी आमटी. वर दोन वेळां चहा. दिवाळीच्या सुमारास त्याचे कपडे सैल दिसूं लागले, अभ्यासांत लक्ष लागेना, आणि एके दिवशीं कवायतीच्या वेळीं तो मैदानावर मटकन् खालीं बसला. डॉक्टरांनीं रक्त तपासून सांगितलें कीं, अंगांत रक्त कमी आहे, लोह कमी पडलें आहे. वडिलांना बोलावणें गेलें. ते येतांच म्हणाले, "मासे सोडल्याचें हें फळ!" मुलगा खालीं मान घालून बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, मासे मी खाणार नाहीं. पण मग काय खायचें, तें तरी सांगा."

वडील गप्प राहिले. आम्हीहि गप्प राहिलों. कारण चार महिने त्याच्या ताटाकडे आमचेंहि लक्ष गेलें नव्हतें. पुढें जें लिहिलें आहे, तें त्या मुलाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर आहे असें वाचकांनीं समजावें.

प्रथम थोडें गणित करूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास रोज सुमारें ४५ ग्रॅम व मुलीस सुमारें ४३ ग्रॅम प्रथिनें लागतात. प्रथिनें म्हणजे ज्यांपासून मांस, रक्त, केस, नखें घडतात तें द्रव्य. वाढत्या वयांत त्यांची उणीव लौकर जाणवते. आतां आमच्या मुलाचें ताट घ्या. दिवसभराचा भात २०० ग्रॅम तांदळांचा, त्यांत प्रथिनें सुमारें १५ ग्रॅम, दोन पोळ्यांत ७, आमटींतील चिमूटभर डाळींत २, बटाट्यांत २. बेरीज २६! पोट भरलें, पण गरजेच्या मानानें अर्ध्याहून थोडेंच अधिक मिळालें. दोष शाकाहाराचा नव्हे. शंभर ग्रॅम मासळींतून जीं वीस-एक ग्रॅम प्रथिनें त्यास मिळत, तीं गेलीं आणि त्यांची जागा रिकामीच राहिली.

आतां दुसरें ताट. जोंधळ्याच्या तीन भाकऱ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ, त्यांत १५ ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळांचा भात, ७. घट्ट वरण किंवा आमटी, जींत दिवसाकाठीं खरोखर ४० ग्रॅम डाळ पडली आहे, ९. मूठभर कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, ७. कोशिंबिरींत व भाजींत मिळून वीस ग्रॅम दाण्याचें कूट, ५. आणि दूध, दहीं मिळून तीनशे मिलिलिटर, ९. बेरीज ५२. ह्यांत एकहि पदार्थ असा नाहीं, जो मराठी घरांत कधीं शिजला नाहीं. पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते कीं, शाकाहार म्हणजे रोज पनीर. ज्यांस परवडतें त्यांनीं तें अवश्य खावें; परंतु मटकी, हरभरे, कुळीथ, चवळी व शेंगदाणे ह्यांच्या बळावर ज्या घरांचा महिना निघतो, त्यांनीं पनिरासाठीं हळहळण्याचें कारण नाहीं.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. धान्यांतील प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत मिथिओनिन कमी पडतें, तें धान्यांत पुरेसें असतें. म्हणून दोहोंनीं मिळून जें पोषण होतें तें एकट्याच्यानें होत नाहीं. वरण-भात, भाकरी-पिठलें, खिचडी, पुरणपोळी, भाजणीचें थालीपीठ: आमच्या आज्यांनीं रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलें नव्हतें, पण ही जोडी त्यांनीं मोडूं दिली नाहीं. दोन्ही पदार्थ एकाच घांसांत गेले पाहिजेत असें मात्र नाहीं. दिवसभरांत दोहोंचा संयोग झाला म्हणजे पुरे.

लोहाची गोष्ट थोडी अवघड आहे. मांसांतील लोह शरीर सहज घेतें. धान्य-भाज्यांतील लोह हट्टी, तें आंत शिरावयास कां-कूं करतें. त्याला हात धरून आंत नेणारें द्रव्य म्हणजे 'क' जीवनसत्त्व. म्हणून उसळीवर लिंबू पिळावें, जेवणांत कच्ची कोशिंबीर असावी, मोसमांत पेरू किंवा आवळा खावा. लिंबू शिजतांना न घालतां पानांत पिळावें. उष्णतेनें तें जीवनसत्त्व बरेंच नाश पावतें. कडधान्यें भिजवून मोड आणल्यानें, किंवा इडली-आंबोळीचें पीठ आंबविल्यानेंहि लोह मोकळें होण्यास मदत होते. आणि लोहाचा घरांतील शत्रु म्हणजे जेवणालगतचा चहा. आमच्या मुलाच्या ताटांत लोह आधींच थोडें. जें होतें त्याच्यावर तो जेवून उठतांच चहाचा पेला ओती! चहा सोडाच असें आम्ही म्हणत नाहीं (आम्हांसच तें साधलेलें नाहीं), पण जेवण आणि चहा ह्यांत एक-दीड तासाचें अंतर असावें. बाजरी, अळीव, हरभरे, मटकी, तीळ, शेवग्याचा पाला हे लोहाचे चांगले सोबती. पालकाचा ह्या बाबतींत गाजावाजा त्याच्या योग्यतेहून कांहींसा अधिक झाला आहे.

पण पालकास त्याचा खरा मान दुसरीकडे द्यावा लागेल. डॉ. लूसी विल्स ह्या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत एका घातक प्रकारच्या रक्तक्षयानें अनेकींचे प्राण जात. त्या स्त्रियांच्या घरच्या आहाराची बाईंनीं चौकशी केली, प्रयोग केले, आणि १९३१ साली असें प्रसिद्ध केलें कीं, मार्माइट ह्या नांवानें विकल्या जाणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्कानें हा रोग बरा होतो. त्या अर्कांत काय होतें, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. १९४१ साली शास्त्रज्ञांनीं एक नवें द्रव्य वेगळें काढलें, तें पालकाच्या पानांतून. आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें नांव फॉलिक आम्ल पडलें. विल्सबाईंच्या अर्कांतील गुण तो हाच. ज्या घरीं रोज एक पालेभाजी आणि एक कडधान्य शिजतें, त्या घरांत हें द्रव्य आपसूक येतें. मेथी, चाकवत, शेपू, अंबाडी, राजगिरा, माठ: ऋतूप्रमाणें बाजारांत जी जुडी स्वस्त असेल ती घ्यावी. अळूचें फतफतें तर आम्ही एक संपूर्ण पाठच मानतों; पान, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि चिंच हीं सर्व एकाच पातेल्यांत!

किनाऱ्यावरील मंडळींस आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. तळलेली मांदेली आपण कांट्यासकट चावून खातों, सुकट तर सालासकट. त्यांतून हाडांस लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळतो. मासळी सुटली म्हणजे हाहि ओघ आटतो. त्याची भरपाई दूध-दह्यानें होतेच, पण ज्यांस दूध सोसत नाहीं किंवा परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं कोकणच्या वरकस जमिनींत नाचणी उभी आहे. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. तितक्याच दुधांत सुमारें १२० असतें. सकाळीं नाचणीची आंबील, किंवा रात्रीं नाचणीची भाकरी, असें एक तरी रोज व्हावें. मीठ आयोडिनयुक्त घ्यावें, कारण समुद्राच्या मासळींतून मिळणारें आयोडिनहि आतां बंद झालें आहे.

एक द्रव्य मात्र असें आहे, जें कोणत्याहि धान्यांत, डाळींत किंवा भाजींत भरंवशानें सांपडत नाहीं. तें म्हणजे 'ब-१२' जीवनसत्त्व. १९४८ साली इंग्लंड व अमेरिका ह्या दोन्ही देशांतील संशोधकांनीं तें शुद्ध रूपांत मिळविलें. रक्त तयार होण्यास व मज्जातंतूंस त्याची जरूरी असते. शरीर त्याचा सांठा करून ठेवतें, म्हणून उणीव लगेच दिसत नाहीं. कांहीं वर्षांनीं थकवा, हातापायांस मुंग्या, विसराळूपणा अशा रूपानें ती वर येते, आणि तोंवर 'मला तर कांहींच झालें नाहीं' असें म्हणण्याची संवय झालेली असते! दूध, दहीं, ताक हीं रोज घ्यावींत. जे अंडें खातात त्यांनीं तें खावें. आणि जे ह्यांपैकीं कांहींच घेत नाहींत, त्यांनीं डॉक्टरांस विचारून गोळी घ्यावी. तींत कमीपणा नाहीं.

ह्या बाबतींत महात्मा गांधींचा अनुभव बोलका आहे. आईजवळ मांस न खाण्याची प्रतिज्ञा करून ते १८८८ साली लंडनला गेले. आरंभीं त्यांची पुष्कळ उपासमार झाली, कारण यजमानांच्या घरीं मांसाखेरीज काय वाढावें हें कोणासच कळत नसे. पुढें फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सांपडलें, आणि विलायतेंत प्रथमच ते पोटभर जेवले. प्रतिज्ञा होतीच, कमी होतें तें ताट. नंतरच्या आयुष्यांत त्यांनीं दूधहि सोडलें. पण १९१८ सालच्या मोठ्या आजारांत प्रकृति सांवरेना; तेव्हां कस्तुरबांनीं सुचविल्यावरून ते शेळीचें दूध घेऊं लागले. त्यांच्या मनाला त्याची टोंचणी शेवटपर्यंत राहिली, आणि दुधाची जागा घेणाऱ्या वनस्पतीचा शोध ते करीत राहिले. एवढ्या निश्चयी पुरुषास जेथें शरीराचें ऐकावें लागलें, तेथें नवख्या विद्यार्थ्यानें एकदम सर्वच सोडण्याची घाई करूं नये.

आतां पालकांस, विशेषतः आईवर्गास. घरांत एकानेंच शाकाहार धरला म्हणजे दोन स्वयंपाक करावे लागणार, ही धास्ती खरी आहे. परंतु कोकण-गोव्यांतील ज्या घरांत मासळी शिजते, तेथें शिवराक जेवणाचे दिवसहि असतातच: सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि सबंध श्रावण. त्या दिवसांचे पदार्थ आठवून एका कागदावर लिहावे. दहा-बारा तरी सहज निघतील. वालाची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाचें पिठलें, फणसाची भाजी, गोव्याकडचें खतखतें. त्यांतूनच आठवडा बसवावा. आदल्या रात्रीं एक कडधान्य भिजत घालण्याची संवय लागली कीं अर्धें काम झालें. सकाळीं पाणी काढून फडक्यांत घट्ट बांधावें; उन्हाळ्यांत संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडींत एक दिवस अधिक लागतो. वाटण एकच करावें; त्यांतील अर्धें मासळीच्या कालवणास, अर्धें उसळीस. पळी-पातेलें मात्र वेगळें ठेवावें, म्हणजे ज्यानें सोडलें त्याच्या मनास संकोच वाटत नाहीं.

आमच्या वसतिगृहांतहि थोडा बदल करावा लागला. आचाऱ्यास समोर उभें करून डाळ तोलून घातली, तेव्हां कळलें कीं, आजवर माणशी दहा ग्रॅमसुद्धां पडत नव्हती. ती चाळीस केली. आठवड्यांतून चार दिवस मोडाची उसळ, रोज पालेभाजी, मधल्या वेळीं गूळ-दाणे आणि रात्रीं ताक ठेविलें. बटाटा दोन दिवसांवर आणला, तेव्हां मुलांनीं थोडी कुरकुर केली; ती आम्हीं ऐकून घेतली. खर्च वाढला, पण आम्हीं भ्यालों होतों तितका नव्हे.

त्या मुलास डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या त्यानें नेमानें घेतल्या, आणि चहा जेवणानंतर तासभर पुढें ढकलला. मार्चमध्यें पुन्हां रक्त तपासलें तें पुष्कळ सुधारलेलें निघालें. मे महिन्याच्या सुटींत तो घरीं गेला. त्याच्या वडिलांचें मधूनमधून पत्र येतें. ते अजूनहि मुलाच्या शेजारीं बसून बांगडाच खातात; मात्र कुळथाचें पिठलें आतां दोघांनाहि वाढावें लागतें, असें त्यांनीं कळविलें आहे.