रक्त थांबविणारे औषध

जठरातील व्रणामुळे रक्ताची उलटी झाली, म्हणजे घरची माणसे विचारतात, "रक्त थांबविण्याचे औषध नाही काय?" आहे. १९६२ मध्ये जपानात उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. अपघातातील जखमींचे प्राण त्याने वाचतात, हे २०१० मध्ये दिसून आले. मग ते जठरासही लागू पडावे, असाच तर्क आम्हीही केला असता. पचनमार्गातील तीव्र रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांवर कसोटी झाली. २०२० मध्ये निकाल लागला: औषध दिलेले असो की नुसते मीठपाणी, रक्तस्रावाने दगावले ते दोन्हीकडे शेकडा सुमारे ४! शिरांत गुठळ्या होण्याचा धोका मात्र दुणावला. जठरातील आम्लात गुठळी टिकत नाही. म्हणून आम्ल कमी करणारे औषध शिरेतून देतात आणि दुर्बिणीने व्रण गाठून रक्त थांबवितात.