बाळाच्या जिभेवर मध नको, डब्याच्या दुधाला नियम हवा



या अंकाचा आरोग्यपाठ एक वर्षाच्या आतील बाळांविषयी आहे. महिला मंडळात, अंगणवाडीत किंवा घरगुती सभेनंतर कोणीतरी तो मोठ्याने वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर सर्वांनी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील आरोग्य खात्याने जाहीर केले की, बायहार्ट या कंपनीची दुधाची पावडर घेतलेली काही बाळे एका गंभीर आजाराने रुग्णालयात आहेत. पहिल्या घोषणेत १० राज्यांतील १३ बाळे होती. काही दिवसांतच कंपनीने आपली सर्व पावडर बाजारातून परत मागवली. नंतर बाळांचा आकडा आणखी वाढला. या आजाराचे नाव शिशु बॉट्युलिझम.

तो डबा आमच्या पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर मी पाहिलेला नाही. मग इतक्या लांबची बातमी कशाला? कारण या आजाराचे बी मातीत, धुळीत आणि मधातही असू शकते, आणि जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्या घरांत आहे.

आजार कसा होतो?

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू वाईट दिवसांत स्वतःभोवती कठीण कवच करून झोपून राहतो. या झोपलेल्या जंतूला बीजाणू म्हणतात. मोठ्या माणसाच्या पोटात बीजाणू गेले तरी बहुधा काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात चांगल्या जंतूंची दाट वस्ती असते आणि नव्या बीजाला रुजायला जागा मिळत नाही. बाळाचे आतडे मात्र नुकत्याच मोकळ्या केलेल्या शेतासारखे असते. तिथे बी रुजते, वाढते आणि विष तयार करते. ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवते आणि बाळ लुळे पडत जाते. श्वासाचे स्नायू थकले तर जीव धोक्यात येतो.

हा लहान बाळांचा वेगळा आजार आहे, हे डॉक्टरांनी १९७६ साली ओळखले. तो क्वचितच होतो, आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आतील बाळांना होतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या. उकळल्याने या जंतूचे विष नष्ट होते, पण बीजाणू मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची वाफ आणि सुमारे १२१ अंश उष्णता लागते. चुलीवरच्या पातेल्यात ते होत नाही. म्हणून “मध गरम करून दिला तर चालेल का?” या प्रश्नाचे उत्तर “नाही” असेच आहे.

मधाचा प्रश्न

“ताई, मध तर देवाची देणगी. पवित्र शास्त्रातसुद्धा दुधामधाचा देश म्हटलंय. मग त्यात वाईट काय?” असे मला मंडळीतही विचारतात. मी सांगते, मध चांगलाच आहे, पण तो पचवण्याचे वय असते. भाकरीही चांगली असते, म्हणून ती आपण दोन दिवसांच्या बाळाला भरवत नाही.

रानातून आपल्या माणसाने काढलेला शुद्ध मध असो की दुकानातली सीलबंद बाटली, दोन्हींत बीजाणू असू शकतात. चव, रंग किंवा वास यांवरून ते कळत नाही. एक बोटभर मधही देऊ नये. मधात उगाळलेली घुट्टी आणि मध लावलेली चोखणीही नको. पहिला वाढदिवस झाल्यावर मध द्यायला हरकत नाही.

घरातल्या आजीला हे सांगताना तिचा मान राखा. तिने मायेनेच मध आणलेला असतो. “आजी, हा मध सुनेला द्या, बाळ वर्षाचं झालं की तुमच्याच हातानं पहिलं बोट चाटवू,” असे म्हटले तर ती ऐकते, हा माझा अनुभव आहे. अंगावर पाजणाऱ्या आईने मध खाल्ला तर बाळाला त्याचा धोका नाही. बाळाच्या तोंडात पहिले जावे ते आईचे पिवळसर चिकाचे दूध. सहा महिने फक्त आईचेच दूध, वरचे पाणीसुद्धा नको.

डब्याचे दूध

पावडरचे दूध पिणारे प्रत्येक बाळ या आजाराच्या तोंडी आहे, असे समजून घाबरू नका. पावडरमधून हा आजार होणे फार विरळ. मात्र सीलबंद डब्यातली पावडरही पूर्ण निर्जंतुक नसते. तिच्यात इतर जंतू असू शकतात आणि ते तान्ह्या बाळाला घातक ठरतात. ते मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात पावडर कालवायला सांगितले आहे. आपल्याकडे तापमापक नसतो, म्हणून असे करा:

१. हात साबणाने धुवा. भांडी घासून, उकळून घ्या.
२. निदान एक लिटर पाणी खळखळ उकळा आणि झाकून ठेवा. अर्ध्या तासाच्या आत त्यात पावडर कालवा.
३. डब्यावर लिहिले आहे तितकेच पाणी आणि तितकीच पावडर घ्या.
४. भांडे गार पाण्यात धरून दूध निववा. मनगटावर थेंब टाकून पाहा, मगच पाजा.
५. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. तो स्वच्छ करता येतो.
६. दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्या. उष्टे दूध पुन्हा पाजू नका.

तिसरा नियम मी मुद्दाम सांगते. दिवाळीनंतर आमची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. डबा महाग, म्हणून तो जास्त दिवस पुरावा यासाठी दोन मापांच्या जागी एकच माप घातलेले मी पाहिले आहे. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण ते आतून उपाशी राहते. आई कामावर असेल तर तिने दूध स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. ते साध्या हवेत चार तासांपर्यंत चालते, पण भट्टीजवळच्या उन्हात लवकर नासते, म्हणून सावलीत ठेवा आणि लवकर पाजा.

आई दगावली असेल, फार आजारी असेल किंवा डॉक्टरांनीच सांगितले असेल तर डब्याचे दूध द्यावेच लागते. अशा घराला दोष देऊ नका, त्यांना वरचे नियम शिकवा. मात्र आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडर-दुधाची जाहिरात करायला आणि आईला फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कोणी फुकट डबा घेऊन आला तर आशाताईंना कळवा.

ही लक्षणे ओळखा

बाळाला तीन-चार दिवस शी होत नाही, हे बहुधा पहिले लक्षण असते. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळालाही कधी तसे होते, म्हणून पुढच्या खुणा पाहा:

– ओढून पिण्याची ताकद कमी होते, दूध ओठांवरून गळते.
– रडणे क्षीण होते.
– पापण्या जड होतात, चेहरा भावहीन दिसतो.
– मान धरणारे बाळ मान टाकते, हातपाय सैल पडतात.

ताप बहुधा नसतो, म्हणून घरचे लोक “बाळ शांत झालंय” असे समजतात. इथेच वेळ जातो. भगताकडे किंवा एरंडेल पाजण्यात दिवस घालवू नका. १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. मध, घुट्टी, पावडर, जे काही दिले असेल ते डॉक्टरांना न लपवता सांगा आणि डबा सोबत न्या. वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर बहुतेक बाळे बरी होतात, पण त्याला आठवडे लागतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यावर बाळाला पहिल्या तीन दिवसांत काय काय चाटवतात? ते कोण ठरवते?
२. आजीचा मान राखून मध कसा थांबवता येईल?
३. भट्टीवर गेलेल्या आईला दूध काढायला आणि पाजायला वेळ मिळावा म्हणून मुकादमाशी कोण बोलेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका नावाने द्या, आणि ते नाव वहीत लिहून ठेवा. पुढच्या सभेत पहिली विचारपूस त्याचीच करू.