यंत्रांतील पोलादाची झीज व भेग

ऐन मळणीच्या दिवसांत मळणीयंत्राचें बेअरिंग खडखडूं लागतें, तापतें, आणि आभाळ भरून आलेलें असतां काम बंद पडतें, हा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंस असेल. मिस्त्री तें उघडतो व 'झिजलें' असें सांगून नवें बसवितो. गेल्या हंगामांत आमच्याकडे असेंच झालें, आणि नवें बेअरिंगहि महिनाभरांत गेलें. तेव्हां त्याची बाहेरची कडी पुसून उन्हांत नीट पाहिली. ती घासून पातळ झालेली नव्हती. छर्रे ज्या पन्हळींतून धांवतात तिच्यांतून पोलादाचे खवले निघून खड्डे पडले होते, आणि तेहि पट्टा ओढतो त्या एकाच बाजूस. ही झीज नव्हे; हा रोग निराळा, व त्याचा उपायहि निराळा.

झीज घासण्यानें होते. बैलगाडीचा तुंबा आंसावर घसरत फिरतो. वंगण आटून धूळ शिरली कीं दोन्ही खरवडले जातात. वाळूंतील गारगोटीचा कण बेअरिंगच्या कडक पोलादाहूनहि कठीण असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धुळीचें भय कां बाळगावें तें समजेल.

छर्ऱ्याची गोष्ट वेगळी. तो मुख्यतः लोळतो. कडीस तो जेथें टेकतो ती जागा ठिपक्याएवढी, व सर्व भार तिच्यावरच. अशा दाबाचें गणित हर्ट्‌झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं मांडलें. त्यावरून असें निघतें कीं, पोलादास फाडूं पाहणारा ताण पृष्ठभागाच्या किंचित् खालीं सर्वांत अधिक असतो. छर्रा आला कीं ताण बसतो, गेला कीं सुटतो. असें मिनिटास हजारों वेळां. तार पुनःपुन्हां वांकविली असतां जशी तुटते, तसेंच हें पोलादाचें थकणें आहे. आंत मळीचा सूक्ष्म कण राहिला असेल तर तेथें भेग पडते, ती वर येते व खवला सुटतो. कधीं भेग वरूनहि सुरू होते : धुळीचा कण छर्ऱ्याखालीं चिरडून खळगा पडतो व त्याच्या कांठास चीर जाते. अशा चिरेंत तेल शिरतें, आणि वरून भार आला कीं कोंडलेलें तेंच तेल तिला पुढें फाडतें, असें स्टुअर्ट वे ह्यांनीं १९३५ सालीं प्रतिपादिलें. (म्हणून तेल देऊं नये असें मात्र कोणी समजूं नये, तेलावांचून यंत्र त्याच दिवशीं जाईल.)

भाराचा परिणाम येथें फार कडक आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट झाला तर त्याचें आयुष्य सुमारें एक अष्टमांश उरतें. आमचा दोष येथेंच सांपडला : पट्टा घसरूं नये म्हणून आम्हीं तो वाजवीपेक्षां फार ताणला होता.

झीज व भेग ह्यांचें नातें आगगाडीच्या रुळांवर चांगलें दिसतें. वळणावर चाक रुळावर लोळतें आणि थोडें घसरतेंहि. १७ ऑक्टोबर २००० रोजीं इंग्लंडांत हॅटफील्ड येथें अशाच भेगांनीं पोखरलेला रूळ गाडीखालीं फुटला व चार माणसें दगावलीं. नवल असें कीं, थोडी झीज कोंवळ्या भेगेस पृष्ठभागाबरोबर घासून नेते. झीज फारच कमी असली तर भेगेस वाढावयास अवधि मिळतो. म्हणून रुळाचा वरचा पातळ थर यंत्रानें मुद्दाम घासून काढतात. बेअरिंगांत हा उपाय चालत नाहीं, कारण तेथें जराशा झिजेनेंहि ढिलेपणा येतो.

आपल्या हातीं उरतें तें भार व धूळ आवरणें. दोन्ही पुल्या दोरी धरून एका रेषेंत आणाव्या, आणि पट्टा न घसरण्यापुरताच ताणावा. आंतील कडी दांड्यावर घट्ट बसवितांना बाहेरच्या कडीवर हातोडा मारूं नये. तो घाव छर्ऱ्यांतून जाऊन पन्हळींत खळगे पाडतो, व नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं अधू होतें. ग्रीस भरण्यापूर्वीं तोंड पुसावें, व पावसाचें पाणी आंत जाऊं देऊं नये. मळणीपूर्वीं थोडें जुनें ग्रीस काढून पांढऱ्या फडक्यावर पसरावें. त्यांत चकचकीत कण दिसले, किंवा पट्टा काढून दांडा हातानें फिरवितांना तो कोठें अडखळल्यासारखा वाटला, तर खवले सुटूं लागले असें समजून बेअरिंग तेव्हांच बदलावें. धान्य खळ्यावर येईपर्यंत थांबूं नये.