आगीचं काम घरी, पाण्याचं काम पानावर

मार्चमध्ये आम्ही तिघे रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला निघालो होतो. वाट अभयारण्यातली आणि त्या दिवसांत डोंगरावरचं गवत एका ठिणगीनं पेटेल इतकं वाळलेलं. म्हणून स्टोव्ह न्यायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. तो निर्णय योग्यच होता. चूक झाली ती माझ्या शिदोरीत.

रतनगडाच्या गुहेत रात्री मी मूग भिजवले. सकाळी पाणी निथळून ते प्लास्टिकच्या बरणीत घट्ट बंद केले आणि बरणी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली. दुपारी कात्राबाईच्या खिंडीत झाकण उघडलं, तेव्हा किंचित आंबूस वास आला. अन्न टाकवेना. कांदा, लिंबू, मीठ घालून मी एकट्यानं ते संपवलं. कुमशेत गाठेपर्यंत उलट्या आणि जुलाबांनी पायातलं बळ गेलं होतं. गावातल्या एका आजींनी ओसरीवर निजवलं आणि रात्रभर घोट घोट साखर-मिठाचं पाणी पाजलं. हरिश्चंद्रगड राहिला.

ओलं कडधान्य, ऊन आणि बंद बरणी, जंतू वाढायला एवढं पुरतं. तेव्हापासून माझा नियम एकच: आगीचं काम घरी उरकायचं आणि पाणी लावायचं ते जेवायला बसल्यावर.

म्हणजे शिदोरीत भाजलेलं, कोरडं अन्न हवं. पोहे, चुरमुरे, फुटाणे, भाजलेले दाणे, मेतकूट, सातूचं पीठ. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की पाच मिनिटांत जेवण होतं. पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारून मेतकूट, दाण्याचं कूट, मीठ आणि चमचाभर तेल घालावं. पहिल्या दिवसाला दुधात पीठ भिजवून घरी भाजलेल्या दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी. पुढच्या दिवसांना दाण्याचे लाडू, चिक्की, खजूर. बटाट्याची भाजी, भात, ओल्या नारळाची चटणी नेऊ नये. कच्चं पीठ किंवा नुसता भिजवलेला राजमा कधीही खाऊ नये. राजम्यातलं विष उकळल्याशिवाय जात नाही.

कोरडं अन्न पाणी मागतं, म्हणून पिण्याच्या पाण्याखेरीज दर जेवणाला अर्धा लिटर वेगळं धरा. टाक्याचं पाणी असेल तर गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. इथे उकळी नाही, हे विसरू नका.

सॅकमध्ये जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. ती नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आणि वासाची शंका आली, तर घास तोंडात घालू नका. अन्न टाकताना जीव तुटतो, पण ते टाकाच.