फादरना सांगितलं, आता माझं काम संपलं का?

प्रश्न : वसईच्या एका कॅथलिक शाळेत मी आठवड्यातून दोनदा वाचनाचा तास घेते, विनामोबदला. एका मुलीने घराजवळच्या माणसाबद्दल काहीतरी सांगितलं. मी फादरांच्या कानावर घातलं. एवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही, ताई. फादरना सांगितलंत ते योग्यच, पण २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याचं कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. पगारी की स्वयंसेवक, असा भेद तिथे नाही. गुन्ह्याची माहिती किंवा तसा गुन्हा घडण्याची धास्ती असेल, तर स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावं लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तक्रारींचे नियम घातले, तेही देशाच्या कायद्याला बाजूला सारत नाहीत.

राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातील बाल लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने न कळवणं हाच गंभीर गुन्हा मानला. तिथे न कळवल्याचा आरोप होता डॉक्टरवर!

मुलीला खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका. हीच चूक मायेपोटी सर्वांत जास्त होते. तिचेच शब्द, तारीख, वेळ वहीत उतरवा. तिचं नाव स्टाफरूममध्येही नको. गोंधळ वाटला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच, पण पोलिसांत आजच जा.