आम्लाला न जुमानणारा लाल

तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत टीबीच्या स्लाइड रंगवण्यात माझी नोकरी सरली. पद्धत झील-नील्सनची, रंग बेसिक फुक्सीन. पुस्तकात ती अर्ध्या पानात संपते. हाताला कळलेलं थोडं जास्त आहे.

१. बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचावं. फुक्सीनचे कण बाटलीत हिरवट चकाकतात. नवीन मुलं हमखास विचारतात, "सर, बाटली चुकली का?" स्पिरिटमध्ये पडल्यावर त्याचा खरा किरमिजी रंग बाहेर येतो. पण पावडर शंभर टक्के शुद्ध नसते. रंगद्रव्य ८० टक्के असेल, तर लिटरभर द्रावणाला १० ग्रॅमऐवजी साडेबारा ग्रॅम घ्यायची. द्रावण वापरण्याआधी गाळायचं, नाहीतर न विरघळलेले लाल स्फटिक काचेवर बसतात आणि घाईतल्या डोळ्याला जंतूच वाटतात. नवा रंग आधी माहितीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्लाइडवर बघायचा, मग पेशंटच्या.

२. अर्धी तपासणी खोलीबाहेर होते. नुसती डबी हातात दिली तर माणूस लाळ भरून आणतो, आणि लाळेत कितीही उत्तम रंग ओतला तरी काही दिसत नाही. खोल श्वास घ्या, थांबा, आता छातीतून खाकरा, हे स्वतः करून दाखवायचं आणि उघड्यावर, लांब पाठवायचं. सासूसमोर सून खाकरत नाही. अशा वेळी मी सासूबाईंना केसपेपर आणायला धाडायचो.

३. वाफ यावी, उकळी येऊ नये. या जंतूच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असतो, साधा रंग आत शिरत नाही. म्हणून फुक्सीनमध्ये फिनॉल आणि खालून स्पिरिटच्या बोळ्याची आच. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा त्याची रंगवण्याची रीत फार वेळखाऊ होती. ऐकणाऱ्यांत पाउल एर्लिख होता. त्यानं लगेच ती सुधारली. वाळायला शेगडीवर ठेवलेल्या त्याच्या काचा कुणीतरी शेगडी पेटवल्यानं तापल्या आणि रंग पक्का बसला, असं सांगतात. पुढे याच एर्लिखला स्वतःच्या बेडक्यात हे जंतू सापडले आणि हवापालटासाठी तो इजिप्तला गेला. फिनॉल आणलं झीलनं, पुढची सुधारणा नील्सननं केली. आपल्याकडे पाच मिनिटं ठेवतात. मधे रंग आटला तर आणखी घालायचा, काच कोरडी पडू द्यायची नाही.

४. खरी परीक्षा आम्लाची. लाल सगळंच होतं: पेशी, श्लेष्मा, तोंडातले साधे जंतू. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल ओतायचं. बाकीच्यांचा लाल उतरतो, टीबीचा जंतू मात्र धरून ठेवतो. म्हणजे निदान रंग चढण्यात नाही, न उतरण्यात आहे. काच फिकट गुलाबी दिसेपर्यंत थांबायचं. जाड थर असेल तर आम्ल पुन्हा. कुष्ठरोगाचा जंतू याच गोत्रातला, पण पकड ढिली; त्याला ५ टक्केच आम्ल पुरतं. आणि द्रावण करताना आम्ल पाण्यात हळूहळू सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेतलं नाही.

५. लाल उतरलेल्या बाकीच्यांना निळं करायला मिथिलीन ब्लू, अर्धं मिनिट. जास्त ठेवलं तर निळ्यात लाल बुडतो.

६. निगेटिव्ह लिहायला जास्त वेळ लागतो. भरपूर जंतू असलेली स्लाइड भिंगाखाली सरकवताच बोलते. निगेटिव्हसाठी मात्र ऑइल इमर्शनखाली १०० क्षेत्रं बघायची. त्यांत १ ते ९ जंतू दिसले तर 'स्कँटी', आणि नेमका आकडा लिहायचा. दुपारी ओपीडी फुटल्यावर ही शंभर क्षेत्रं फार लांबतात. आळस होतो तो इथेच. ठरवून टाकलं होतं की डोळा थकला की स्लाइड बाजूला, सही नंतर.

७. काच निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं नव्हे. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे एखादा भिंगाखाली येतो. लहान मुलं आणि एचआयव्हीबाधित यांच्यात तो बऱ्याचदा निसटतो. आता जनुक तपासणारी यंत्रं आली; त्यातलं ट्रूनॅट तर गोव्यातल्या कंपनीचं. थोडे जंतूही पकडतं, रिफॅम्पिसिन या औषधाला दाद न देणारेही ओळखतं. माझ्या पिढीतले काही लोक कुरकुरले, मला त्यात काही गैर वाटलं नाही. पण औषध सुरू झाल्यावर ते यंत्र मेलेल्या जंतूचं जनुकही मोजतं, म्हणून फॉलोअपला स्लाइड राहिली. अर्थात फुक्सीनलाही जिवंत-मेलेला कळत नाही. औषधं नेमानं घेणाऱ्या पेशंटची दोन महिन्यांनी स्लाइड पॉझिटिव्ह आली, तर त्याला धीर देऊन नमुना कल्चरला पाठवायचा. तिथे वाढतो तो जिवंत.