काळ्या प्लॅस्टिकवर रंग का टिकत नाही?

प्रश्न : आमची पांढरी चारचाकी सात वर्षांची झाली. चाकांवरचं आणि दारांखालचं काळं प्लॅस्टिक, तसाच बंपरचा खालचा भाग, सगळं राखाडी पडलं आहे. ऊसतोडीच्या हंगामाआधी ट्रॉली रंगवली, तेव्हा काळा ऑइलपेंट उरला होता. तोच ब्रशने या प्लॅस्टिकला लावला. ट्रॉलीवरचा रंग अजून शाबूत आहे, प्लॅस्टिकवरचा मात्र पापुद्रे धरून सोलून निघाला. रंग तोच, हात तोच, मग असं का व्हावं? हे घरी नीट रंगवता येईल का? आणि दारांवरच्या काळ्या पट्ट्या गाडीसारख्या पांढऱ्या केल्या तर चालेल का?
— एक वाचक, वडवणी

उत्तर : तुमच्या गाडीचं ते काळं प्लॅस्टिक मुळात कधी रंगवलेलंच नव्हतं. कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवतानाच त्यात काजळीची बारीक पूड मिसळतात आणि मग साच्यात भाग ओततात. त्यामुळे काळेपणा आरपार असतो. बंपरच्या कडेला, दिसणार नाही अशा ठिकाणी पात्याने थोडं खरवडून पाहा, आत काळंच निघेल. म्हणजे तुमच्या गाडीवरून रंग उडालेला नाही, प्लॅस्टिकची वरची कातडी मेली आहे. त्या मेलेल्या कातडीवर तुम्ही ऑइलपेंट चढवलात आणि ती निघाली तशी रंगाला घेऊन निघाली.

ही कातडी मरते कशी, हे वडवणीत शेताच्या बांधावर रोज दिसतं. खताची रिकामी पांढरी गोणी उन्हाळाभर उघड्यावर पडली, की उचलताना हातात तिच्या चिंध्या आणि भुगा येतो. ती गोणी आणि तुमच्या गाडीचा बंपर एकाच घराण्यातले. दोन्हींचं मूळ द्रव्य पॉलिप्रॉपिलीन. इटलीत मिलानमध्ये ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते तयार केलं आणि अशा लांब साखळ्यांच्या रसायनशास्त्रासाठी १९६३ मध्ये त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासह नोबेल मिळालं. गाडीच्या भागांसाठी त्यात रबर मिसळतात, म्हणजे धक्क्याने तडकत नाही, आणि शंखजिऱ्याची पूड घालतात, म्हणजे ताठपणा येतो. या द्रव्याची रेणूसाखळी कार्बनची असते आणि तिच्यातल्या दर दुसऱ्या कार्बनवरचा एक हायड्रोजन सैल धरलेला असतो. उन्हातले अतिनील किरण तिथेच घाव घालतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि साखळीचे तुकडे पडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतली शंखजिऱ्याची पांढरी पूड उघडी होते. भेगांवर आणि पुडीवर उजेड विखुरला, की काळं राखाडी दिसतं. काजळी किरण शोषून घेते, म्हणून बंपरला वर्षं लागतात आणि पांढऱ्या गोणीला एक उन्हाळा पुरतो.

आपल्याकडचं ऊनही तसंच. वडवणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत बहुधा ढग असतात, मेमध्ये आडोसा काहीच नसतो. झाडाखाली किंवा शेडमध्ये उभी राहणारी गाडी आणि उघड्या अंगणात उभी राहणारी गाडी शेजारी लावून बघा, वर्षानुवर्षांचा फरक प्लॅस्टिकवर उतरलेला दिसेल.

आता ट्रॉलीचं कोडं. रंग चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे, त्याला धरून बसला पाहिजे. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा थर असतो आणि रंगातले रेणू त्याला घट्ट बिलगतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र फक्त कार्बन आणि हायड्रोजन. धरायला काही आकडाच नाही. पृष्ठऊर्जेच्या मापात पाण्याचा आकडा ७२ च्या आसपास, तर पॉलिप्रॉपिलीनचा ३० च्या आसपास. म्हणून त्यावर पाणी, गोंद, रंग सगळं अळवावरच्या पाण्यासारखं वागतं. तुमचा ऑइलपेंट वाळून कडक पापुद्रा झाला, पण खाली त्याला कुणी धरलेलं नव्हतं.

त्यात भर पडते उष्णतेची. हे प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि आकसतं. मीटरभर लांबीच्या पट्टीत ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटरचा बदल होतो, तेवढ्याच लोखंडात जेमतेम अर्धा मिलिमीटर. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत उन्हात तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकचा फरक ४० अंशांहून कितीतरी मोठा असतो. पट्टी हलते, कडक ऑइलपेंट हलत नाही, तडा जातो, तड्यातून पाणी शिरतं. पावसाळ्यात सोलणं वाढतं ते यामुळेच.

गाडी बनवणारे कारखाने रंगीत बंपर करतात, तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण असते. ते प्लॅस्टिकवरून क्षणभर ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवतात, म्हणजे पृष्ठभागात ऑक्सिजन बसतो आणि रंगाला धरायला जागा होते. दुसरा मार्ग खास प्रायमरचा. त्यातल्या रेणूची एक बाजू पॉलिप्रॉपिलीनसारखी, तर दुसरीवर क्लोरीन जोडलेलं. पहिली बाजू प्लॅस्टिकमध्ये रुतते, दुसरी रंगाला धरते. घरी ज्योत फिरवण्याच्या फंदात पडू नका. भाग वाकडा होतो, पेटूही शकतो. हीट गनने प्लॅस्टिक पुन्हा काळं करण्याची युक्तीही बरेच जण सांगतात. काळेपणा येतो खरा, पण मेलेली कातडी तिथेच राहते आणि काही महिन्यांत राखाडीपणा परततो. डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल तेल लावलं तर ते भेगा तात्पुरत्या भरतं, धूळ ओढून घेतं आणि डिझेल-रॉकेल शेजारचं रबर फुगवतं.

माझं स्पष्ट मत असं, की नुसतं राखाडी पडलेलं, खरबरीत दाण्याचं प्लॅस्टिक रंगवूच नये. नीट साफ करून त्यावर प्लॅस्टिकसाठीचं काळं रिस्टोरर किंवा ट्रिम कोटिंग लावावं. ते पातळ असतं, भेगांत उतरतं, दाणा बुजवत नाही आणि फिकं पडलं तर पुन्हा लावता येतं. रंग एकदा सोलला की तो काढण्याचं काम आपल्याच बोटांवर येतं, हे तुम्ही अनुभवताच आहात. खोल ओरखडे पडलेले असतील, किंवा तुमच्यासारखा जुना रंग चिकटून बसला असेल, तर मात्र रंगवणं भाग आहे.

तेव्हा आधी तो ऑइलपेंट पूर्ण काढायचा. प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सैल पापुद्रे उचला. रंग काढायचं रसायन वापरू नका. त्याचं पाणी गाडीच्या पांढऱ्या रंगावर ओघळलं तर नवं दुखणं. उरलेल्यासाठी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह, आणि खरबरीत दाण्यावर फक्त भांडी घासायची हिरवी घासणी, म्हणजे दाणा मरत नाही. पूर्ण घासणं म्हणजे राखाडी थर जाऊन जिवंत काळं लागेपर्यंत घासणं. सगळ्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा.

मग कपड्याच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सर्व्हिसिंगच्या वेळी डॅशबोर्डवर आणि टायरवर चमकीची पॉलिश मारतात, तिच्यात बहुधा सिलिकॉन असतं. त्याचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. परीक्षा साधी आहे. पाणी शिंपडा. पाण्याचे थेंब गोल होऊन पळत असतील तर अजून तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. प्रायमरआधीच्या उघड्या प्लॅस्टिकवर पाणी पूर्ण पसरणार नाहीच, पण एका जागी पसरतं आणि दुसऱ्या जागी पळतं असं होता कामा नये.

कोणता भाग कशाचा, हे त्याच्या मागे कोरलेलं असतं. 'पीपी' किंवा 'पीपी अधिक ईपीडीएम' ही अक्षरं दिसली तर वर सांगितलेलं सगळं लागू. 'एबीएस' असेल, आरशांची कव्हरं बहुधा असतात, तर रंग सहज चिकटतो, पण त्याला थिनर लागला की बारीक तडे जातात. पाण्यात टाकून तरंगतं का पाहण्याची रीत इथे फसवते. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, शंखजिरं मिसळलेलं बुडू शकतं. दुकानात नुसतं 'प्लॅस्टिक प्रायमर' मागू नका, डब्यावर पीपी किंवा पॉलिओलेफिन लिहिलेलंच घ्या. बरेच प्लॅस्टिक प्रायमर फक्त एबीएसला चालतात.

या प्रायमरचा एकच पातळ हात द्यायचा. तो पारदर्शक असतो, दिसला नाही म्हणून जाड थापू नका, नाहीतर तोच सोलतो. डब्यावर दिलेल्या वेळेतच त्यावर रंग चढवा. रंग बंपरसाठीचा, मॅट काळा, स्प्रेच्या डब्यातला घ्या. साधारण वीतभर अंतरावरून तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पांढऱ्या पत्र्यावर टेप आणि कागद लावताना कंजुषी नको, स्प्रेची धूळ वाऱ्याने छतापर्यंत जाते. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, कार्बनचा मास्क वापरा. दोन घटक मिसळायच्या रंगांत आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. ते काम पेंटरच्या बूथमध्येच व्हावं.

काळ निवडाल तर दिवाळीनंतर, सकाळी दव पूर्ण वाळल्यावर. मेमध्ये रंगाचा तुषार प्लॅस्टिकवर पडण्याआधीच हवेत वाळतो आणि हात लावला तर खरखरीत लागतो. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. उन्हाळ्यात डबा गाडीत ठेवून जाऊ नका, बंद गाडी ५० अंशांच्या वर सहज जाते आणि डबा फुटू शकतो.

सगळी गाडी हाती घेण्याआधी बंपरच्या खालच्या कडेला चार बोटं जागा रंगवा. आठवड्याने तिथे ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपला चिकटून आले तर साफसफाई किंवा प्रायमर चुकला. एकही नाही आला तर पुढचं काम बिनधास्त करा. त्यानंतर आठवडाभर वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा टाळा.

दारांवरच्या पट्ट्या पांढऱ्या करायला हरकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येतो तो परवानगीनेच, आणि गाडीचा रंग हा नोंदीतला तपशील आहे. पट्ट्यांनी गाडीचा नोंदलेला रंग बदलत नाही. फक्त घरी पांढरा जुळवू नका. सात वर्षांच्या पांढऱ्याची छटा बदललेली असते, पेंटर ती गाडीशी ताडून मिसळतो आणि वर लवचीक क्लिअर कोट देतो. पट्ट्या काढून त्याच्याकडे दिल्या तर खर्च कमी येतो. बहुतेक पट्ट्या दुपदरी टेपने बसवलेल्या असतात. उन्हात गाडी तापली की मासे पकडायची नायलॉनची दोरी पट्टीमागून करवतीसारखी ओढा, पट्टी न वाकता सुटते. काही पट्ट्यांना टेपबरोबर क्लिपाही असतात, तेव्हा दोरी अडली तर जोर न लावता आधी दाराच्या आतल्या बाजूने बघा.